कडी वाजली की हाणायचं

कडी वाजली की हाणायचं, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून दिला होता, आणि तो इतका चोख पाळला की माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं उजवं मनगट मोडलं. भर दुपारी, माझ्याच दारात. आधी चेहरा बघायचा आणि मग हाणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, मॅट्रिक पास, चाळीतल्या निम्म्या बायकांची गावाकडून आलेली पत्रं वाचून दाखवणारी. जगातलं सगळं आपल्याला समजतं, अशी माझी पक्की खात्री. त्या मालूला आज समोर बसवून दोन थोबाडीत द्याव्यात असं पुष्कळदा वाटतं. पण ती बया उलट हात उचलेल, ही भीतीही आहेच.

दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की ती मालू माझ्या घरात पुन्हा शिरते. तिला आणतात माझी नातवंडं. लालबागला जिथं आमची चाळ होती तिथं आता ही इमारत आहे, आणि जिथं आमच्या खोलीबाहेरची गॅलरी असावी तिथून बरंच वर, चौदाव्या मजल्यावर, पडदे ओढून पोरं खेळायला बसतात. पत्ते नाहीत, कॅरम नाही. एक जाडजूड नियमांचं पुस्तक, पेन्सिली, चौकटी आखलेला कागद आणि रंगीत फासे. त्यातला एक फासा वीस तोंडांचा, करवंदाएवढा. बाकी सगळं डोक्यात. डोक्यात जंगल, भुयार, पडका किल्ला. त्यात राक्षस, चेटक्या, सोन्यावर बसलेले अजगर. माझी मोठी नात मुक्ता खेळ चालवते, म्हणजे कुठल्या कोपऱ्यात काय दबा धरून बसलंय हे फक्त तिला माहीत. मुलीचा मुलगा सोहम हा धनुर्धारी. त्याचा मित्र निहाल चोर. आणि मी कुऱ्हाडवाली बुटकी बाई. नाव तारामती.

पहिल्या वर्षी पोरांना वाटलं होतं, आजीला जडीबुटीवाली म्हातारी द्यावी, मागे बसून जखमा बांधेल. मी म्हटलं, जखमा बांधून झाल्यात माझ्या, मला कुऱ्हाड द्या. परवा तारामतीने एका राक्षसाचा गुडघा फोडला आणि तो खाली वाकल्यावर मानेवर दुसरा घाव घातला. मुक्ता वर्णन करत होती, रक्त कसं भिंतीवर उडालं, मुंडकं कसं पायऱ्यांवरून घरंगळत गेलं, आणि मी कैरीच्या फोडी मीठ-तिखटात बुडवून खात होते. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, आई, जरा हळू, खालच्या मजल्यावर ऐकू जातं.

ह्या खेळात मारामारीलाही रीत आहे, हे मला फार आवडतं. आमच्या वेळी नव्हती. इथं ज्याची त्याची पाळी येते, आणि एका पाळीत एकच मोठं काम करायचं: घाव घाला, मंत्र टाका नाहीतर पळा. पाठ फिरवून पळालात तर ज्याच्या हाताच्या टप्प्यातून निसटता तो तुम्हाला एक फुकटचा फटका देऊ शकतो. तोंड शत्रूकडे ठेवून, सगळी पाळी खर्चून, सावकाश मागे सरकलात तर फटका बसत नाही. आणि एक सोय अशी की आपली पाळी राखून ठेवता येते. ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधी जाहीर करायचं आणि दबा धरून थांबायचं. ते अमुक झालं की पाळी दुसऱ्याची असली तरी आपला हात चालतो. मात्र एका फेरीत असा हात एकदाच. तो गेला की पुढची पाळी येईपर्यंत नुसतं बघत राहायचं.

तर ह्या वर्षी, मेच्या पहिल्याच आठवड्यात, सोहमच्या धनुर्धाऱ्याने भुयारातल्या एका दारासमोर बाण ताणला आणि जाहीर केलं, “दार उघडलं की मी बाण सोडणार.” पलीकडे राक्षस आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दार उघडलं. पण आत आला निहालचा चोर. दोन राक्षस त्याच्या मागावर, अंग फाटलेलं, जीव इतकासा उरलेला की मांजराने ओरबाडलं तरी मरेल. ह्या चोराला निहालने तीन उन्हाळे सांभाळलंय. त्याच्या वहीत चोराची चित्रं आहेत, चोराच्या बहिणीचीसुद्धा आहेत.

“ए, मी आहे रे,” निहाल म्हणाला.

सोहम म्हणाला की तो ‘राक्षस दिसला की’ म्हणाला नव्हता, ‘दार उघडलं की’ म्हणाला होता, आणि बोलला ते बोलला. निहालचे कान लाल झाले. सोहमचेही. मुक्ता पुस्तकाची पानं उलटत होती, तिला हवी ती ओळ सापडेना. शेवटी तिने मान वर केली आणि म्हणाली, “आजी, तू सांग. तू न्यूट्रल आहेस.”

मी हातातली फोड बशीत ठेवली. दारामागच्या माणसाच्या बाबतीत मी न्यूट्रल आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी लग्नाआधीपासून गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. बॉबिनवरचा धागा शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळायचा. यंत्र फिरत असतं, ओळीने धागे धावत असतात, आणि त्यातला एखादा तुटतो. तो तुटला की दोन्ही टोकं पकडून गाठ मारायची, इतकी बारीक की बोटाला लागता कामा नये. नवीन बाई आधी बघते, मग हात पुढे करते. तेवढ्यात दुसरे दोन तुटतात. माझ्या शेजारी इंदू होती, कराडकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने मला शिकवलं. म्हणाली, डोळ्यांची वाट बघू नको, डोळे आळशी असतात. हाताला जाऊ दे. आणि खरंच, सहा महिन्यांत माझा हात माझ्याआधी जायला लागला. इंदूशी मी नवऱ्याच्या, सासूच्या, सिनेमाच्या गप्पा मारत असायची आणि हात तिकडे परस्पर गाठी मारत असायचे. आम्हा वाइंडिंगच्या बायकांना त्याचा फार ताठा. घरी भांडं पडायच्या आत झेलायचो. पोर पलंगावरून कलंडायच्या आत धरायचो. मन मागाहून पोचायचं, धापा टाकत.

मग संप आला. पहिले काही महिने मोर्चे आणि घोषणा, म्हणजे जत्राच. मी बोलते आहे ते दुसऱ्या उन्हाळ्याचं. वर्ष उलटलं होतं. भोंगे नव्हते, त्यामुळे दुपार कधी झाली ते भिंतीवरच्या उन्हावरून कळायचं. घरोघरी पेज आणि भाजलेला सुका बोंबील. माणसं रागाने भरलेली आणि राग काढायला जागा नाही, मग तो मिळेल तिथं फुटायचा. नळावर कळशीने कळशी फुटायची. खालच्या मजल्यावरच्या एका बापाने मुलाला पट्ट्याने इतकं बडवलं की पट्टाच तुटला. नाक्यावर एक दिवस सोडावॉटरच्या बाटल्या उडाल्या; दुसऱ्या दिवशी त्या काचांवरून अनवाणी चालताना मी रस्त्यावर माझ्याच पायाचे लाल ठसे बघितले आणि आधी मला वाटलं, कुणी कुंकू सांडलंय. सायकलची साखळी हाताला गुंडाळून फिरणारी पोरं, खिशात ब्लेड ठेवणारे काका. काही जण गुपचूप कामावर जाऊ लागले होते. गिरणी त्यांना बंद गाडीतून आत न्यायची आणि बाहेर सोडायची. एखादा सापडला तर संपवाले त्याला फोडून काढायचे. हात बांधून, तोंडाला डांबर फासून, गल्लीभर फिरवायचे. त्याच्याच मागाशेजारी बारा वर्षं उभा राहिलेला माणूस पहिला दगड मारायचा.

आणि दुसऱ्या बाजूने दंडेल यायचे, मालकांनी भाड्याने आणलेले. गेटवर धरणं धरणाऱ्यांना दुपारी घरातून ओढून काढायचे. पलीकडच्या चाळीत एकाचे दोन्ही पाय नडगीत मोडून गेले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं म्हणून तिचेही चार दात. आमचे हे रोज गेटवर. ह्यांचं नाव त्यांच्या यादीत आहे, अशी कुजबूज होती. हे मला सांगून जायचे, दुपारी दार लावून बस. लावू कशाने? आतला बोल्ट कधीच उखडला होता. बाहेरच्या बाजूला साखळीची जुनी कडी लोंबत होती, दार ढकललं की ती खणकन वाजायची.

तेव्हा पंडित मालूबाईंनी बेत केला. ह्यांनी गिरणीतून कधी काळी आणलेला एक धोटा घरात होता. ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: ताण्याच्या दोऱ्यांमधून आडवा धागा घेऊन जी लाकडी होडी इकडून तिकडे पळते, तो धोटा. हातभर लांब, जड, दोन्ही टोकांना पोलादी अणी. मागावरून उडाला तर विणकराचा डोळा घेऊन जातो. तो हातात धरून दाराआड उभं राहायचं आणि कडी वाजली की हाणायचं. नुसता बेत करून मी थांबले नाही, सराव केला. सासूबाई गावी होत्या, त्यांची शेवरीच्या कापसाची उशी खुंटीला टांगली. कडीला दोरी बांधून ती फटीतून आत घेतली. डाव्या हाताने दोरी ओढायची, कडी वाजली की उजव्याने उशी हाणायची. म्हणजे येणारीही मीच आणि मारणारीही मीच. तीन दुपारी हे चाललं. तिसऱ्या दिवशी उशी फुटली, खोलीभर शेवरी उडाली, आणि केसांत कापूस भरलेली मी आरशात स्वतःकडे पाहून हसले. इतकी पुन्हा गिरणीतल्यासारखी दिसत होते.

केसांतल्या कापसाचं सांगायलाच हवं. गिरणीत काम करणाऱ्या बाईच्या अंबाड्यात कापसाचे तंतू अडकायचेच, विंचरले तरी कानामागे एखादा राहायचा. संपाच्या वर्षात सगळ्या चाळीचे केस स्वच्छ झाले होते. काळेभोर. त्याच आठवड्यात नळावर इंदू माझ्यापुढे वाकली आणि तिच्या मानेवर, बारीक केसांच्या गुंत्यात, मला पांढरा तंतू दिसला.

ती आमच्याच मजल्यावर, जिन्याजवळच्या पहिल्या खोलीत राहायची, मी शेवटच्या. नवरा गावी जाऊन बसलेला, ताप घेऊन. दोन मुली. धाकटी उभी राहिली की भुकेने पाय थरथरायचे तिचे. मी दोन बोटांनी तो तंतू काढला आणि फुंकून टाकला. इंदू वळली नाही. कळशी भरून झाल्यावर जाताना तिने नुसता माझ्या खांद्याला खांदा लावला. एवढंच. म्हणजे तिच्या दृष्टीने चाळीत एक दार तिचं होतं.

तीन दिवसांनी तसाच एक तंतू गोदामावशीला दिसला.

गोदामावशी म्हणजे आमच्या मजल्याची राणी. मालवणकडची, उंच, आवाज असा की तळमजल्यावरचं पोर रडायचं थांबेल. दोन मुलगे गिरणीत, दोघेही संपावर, त्यातल्या एकाचं डोकं दंडेलांनी फोडलेलं. त्याला धड बोलता येत नव्हतं. तिचा राग खोटा नव्हता, हे आज मी लिहून ठेवते. गिरणीची पहिली पाळी सुटल्यावर गाडीने इंदूला रे रोडकडे लाकडाच्या वखारींपाशी सोडलं, तिथून डोक्यावर पदर घेऊन ती चालत घरी आली, आणि जिन्यात पदर घसरला. गोदामावशी वरून उतरत होती. तिने अंबाड्याला धरून इंदूचं डोकं उजेडात फिरवलं, बघितलं, आणि हाळी दिली.

इंदू हिसडा देऊन वर निसटली, पण स्वतःच्या खोलीत शिरली नाही. आत मुली होत्या. ती पुढे धावली, गॅलरीतून, माझ्या दाराकडे. मध्ये अकरा खोल्या होत्या, म्हणजे अकरा दारं, आणि हाळी ऐकून प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं.

पाठ फिरवून पळणाऱ्याला ज्याच्या टप्प्यातून निसटतो त्याचा एक फटका, हा नियम मुक्ताने मला पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा मी तो तिला पुन्हा वाचायला लावला होता. तिला वाटलं, आजीला कळलं नाही. पहिल्या दारात खराटा बसला, पायावर. दुसऱ्यात ओल्या चादरीचा पीळ, पाठीवर. तिसऱ्यात धोपटणं. कुणी तांब्या फेकून मारला, तो लागून कानशील फुटलं आणि डोळ्यावर रक्त उतरलं. पाचव्या की सहाव्या दारात केस ओढले, मूठभर हातात आले. सातव्या खोलीतल्या पोरीच्या बाळंतपणात इंदूने तिचे पाय मांडीवर घेऊन बसकण मारली होती. तिने चप्पल मारली, तोंडावर. एकेकीने एकच मारला. एकच! कुणाला विचाराल तर ती शपथेवर सांगेल, मी काय, मी तर एकदाच. हे सगळं मला त्याच बायकांनी नंतर मोठ्या हौसेने सांगितलं. त्या वेळी मी आत होते, आणि मला ऐकू येत होता नुसता गलका, पायांचा धडधडाट, आणि तो माझ्याकडे येत होता. मी म्हटलं, आले. दंडेल आले.

धोटा उचलला. कडी वाजली.

हात गेला. दार ढकलणारा हात फटीतून आधी आत आला होता, त्याच्यावर बसला. ओल्या फांदीसारखा आवाज झाला. पोलादी अणी मनगटाच्या आत शिरून निघाली आणि रक्त चौकटीवर, माझ्या पोलक्यावर, चुलीजवळच्या भांड्यांवर उडालं. मग मन पोचलं, धापा टाकत. इंदू उंबऱ्यात गुडघ्यांवर होती. एका डोळ्यात रक्त, दुसऱ्याने माझ्याकडे बघत होती.

तिच्यामागून गोदामावशी आली, पाच-सहा बायका, दोन बाप्ये, एकाच्या हातात डांबराचा डबा. मी त्यांच्यासमोर उभी, धोटा हातात, टपटप गळणारा. त्यांना अडवायला तोच हात वर करायचा होता. तो वर झाला नाही. सगळा जोर मी आधीच चुकीच्या माणसावर खर्च केला होता. गोदामावशीने खाली इंदूच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा सगळा चेहरा पाघळला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “शाबास गो बाय माझी. तू खरी संपाची बाय.”

मी होय म्हणून मान हलवली.

डबावाला म्हणाला, बाहेर काढा तिला, तोंड रंगवू. गोदामावशी म्हणाली, ऱ्हांवदे, मालूने केलंय पुरेसं. आणि ते गेले. गॅलरीभर माझं नाव गाजत गेलं.

मी दार लोटलं. इंदूला मोरीपाशी बसवलं. लाटणं आणि लुगड्याची पट्टी घेऊन हात बांधला. चांगला बांधला, गाठी मारण्यात आम्ही पटाईतच. तिने डोळे मिटले होते, ओठ चावून फाटले होते. गर्दी पांगल्यावर मागच्या जिन्याने तिला परळला इस्पितळात नेलं. तिथं तिने सांगितलं, जिन्यावरून पडले. डॉक्टरने माझ्या पोलक्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

पुढचा महिना मी काय मिरवले म्हणून सांगू! चाळीच्या पटांगणात सभा झाली, तिथं मला झेंडूचा हार घातला. भाषण कर म्हणाले. मॅट्रिक पास मालूने भाषण केलं. माझ्या पराक्रमाची गोष्ट दर आठवड्याला वाढत होती. आधी इंदू आत घुसत होती, मग हातात लोखंडी सळई आली, मग तिच्याबरोबर दोन दंडेल आले, आणि त्या दोघांनाही मी धोट्याने लोळवलं. शेजारच्या चाळीतल्या बायका धोटा बघायला यायच्या. मी पुसून ठेवला होता. मी काही सांगत नव्हते हो, मी फक्त नाही म्हणत नव्हते. ह्यांना खरं काय ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता सांगितलंस तर तुला आणि तिला, दोघींना मारतील; गप्प राहा. मला ती आज्ञा इतकी सोयीची वाटली की त्यानंतर वर्षभर मी पतिव्रता होते.

इंदूकडे मी गेले नाही. संपाच्या बाईने फुटलेल्या बाईच्या घरी कसं जायचं? तिचा हात प्लास्टरमध्ये, तिच्या घरचं पाणी मोठी मुलगी भरते, हे मी येता-जाता बघत होते. गॅलरीत कुणी तिला आता मारत नव्हतं. जिला मालूने मोडलं तिला आणखी काय मारायचं, असा मान मला होता.

ही गोष्ट मी पोरांना सांगितली. सगळी नाही, पण कडी, धोटा, मनगट, शाबास, इतपत. खेळ थांबला होता, राक्षस दारात तिष्ठत उभे होते. निहाल माझ्या हाताकडे बघत होता, ह्या हाताने? मी निकाल दिला, बाण सुटणार नाही. सोहम म्हणाला, पण आजी, बोलल्यावर सोडावाच लागतो ना? तेवढ्यात मुक्ताला ती ओळ सापडली. तिने बोट ठेवून वाचली. अर्थ असा की ठरवलेली गोष्ट घडली की राखून ठेवलेला वार करावा, किंवा सोडून द्यावा, मर्जी तुमची. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने वाचलं. सोडून द्यावा. आणखी एकदा वाचायला लावलं तेव्हा सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती.

सोहमने बाण उतरवला. निहालचा चोर त्याच्या बगलेखालून आत घुसला आणि तारामतीने पहिल्या राक्षसाची मांडी चिरली. पुढचा पाऊण तास आम्ही अशी कत्तल केली की कागदावर जागा उरली नाही.

सोहम मात्र माझ्या गोष्टीतच अडकला होता. सगळे उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. फार विचार करून म्हणाला की नियमाने बघितलं तर माझी चूक निम्मीच आहे. मी राखलेला वार इंदूआजीवर गेला, म्हणून बाकीचे आले तेव्हा माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. फेरीत एकदाच असतो ना. आणि मान हलवली त्याचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, “अगं, ते धरतच नाहीत. मान हलवणं, एखादा शब्द बोलणं, हे फ्री असतं. त्याला काही लागत नाही.” पोर माझी समजूत घालत होतं. मी त्याला उरलेली कैरी दिली.

संप काही संपला असं कुणी म्हणालं नाही, तो नुसता विरला. गिरणी चार दिवस चालली, पुन्हा बंद पडली, मग कायमची. वाइंडिंग खात्यातले सगळेच हात रिकामे झाले. तेव्हा इंदूचा हात माझ्यामुळे गेला की गिरणीमुळे, हा हिशोब मी पुष्कळदा स्वतःच्या बाजूने मांडून पाहिला आहे. तिचं मनगट मात्र पुरतं वळलं नाही. मुलींनी शिकून तिला विरारला नेलं. आजही इंदू आठवड्यातून एकदा फोन करते, तिची गुडघेदुखी सांगते, माझ्या नातवंडांना आशीर्वाद देते, आणि माझ्या मूर्खपणाच्या इतर असंख्य गोष्टी काढून हसते. ही काढत नाही. काढायची तेव्हा एकदाच काढली होती.

प्लास्टर निघाल्यावर आठवड्याने मी तिच्याकडे गेले. दुपारी, गॅलरी सामसूम असताना, पदराखाली घावन्यांचा डबा घेऊन. अकरा दारं ओलांडताना माझ्याच पायांचा आवाज मला ऐकू येत होता. क्षमा मागायचं भाषण मी पाठ केलं होतं, हारवाल्या भाषणापेक्षा जास्त वेळ. इंदू जमिनीवर बसून धाकटीची वेणी घालत होती. उजवा हात वाळक्या शेंगेसारखा, बोटं पेडांना धरत होती पण आवळत नव्हती, वेणी सारखी सुटत होती. तिने रिबिनीचं टोक माझ्यापुढे केलं. मी गाठ मारली, आमची, गिरणीतली, बोटाला न लागणारी. तिने त्या गाठीवरून अंगठा फिरवला. मी भाषणाला सुरुवात केली, इंदू, देवाशपथ सांगते, मी मुद्दाम नाही गं, मला कळलंच नाही तू आहेस ते, कडी वाजली आणि…

इंदू म्हणाली, “मारलंस ते चुकून, हे मला दारातच कळलं मालू. पण गोदामावशी शाबास म्हणाली तेव्हा तू मान हलवलीस ना, ते काही चुकून नव्हतं. धर आता, दुसरी वेणी राहिलीय.”